आईच्या गाडीला वायपर हवेत

रविवारी आई गाडी घेऊन मढला जाणार होती. स्वतः चालवत. त्या आठवड्यात हे वाक्य मी दिसेल त्याला ऐकवलं. किराणावाल्याला, लिफ्टमधल्या काकांना, आणि आमच्या संघटनेच्या ग्रुपवर तर दोनदा. बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलेली बाई विहाराच्या महिला मंडळातल्या चार मैत्रिणींना बसवून समुद्र बघायला निघणार, आणि गाडीत एकही पुरुष नसणार. चारकोपमध्ये त्या जुलैत याहून मोठं काही घडत नव्हतं, असं माझं स्पष्ट मत होतं आणि आजही आहे.

आडवे आले ते वायपर.

गाडी छोटी, जुनी. बाबा तीस वर्षं एका कंपनीत साहेबांची गाडी चालवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी ही सेकंडहँड घेतली, आयुष्यातली पहिली स्वतःची. आईला म्हणाले, शिकवतो. वर्षभर शिकवतो-शिकवतोच चाललं होतं. शेवटी आईनं परस्पर मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि लायसन्स आणून टीव्हीसमोर ठेवलं. बाबांनी चॅनेल बदललं. पण शनिवारी सकाळी खाली जाऊन आले आणि पंखा लावत म्हणाले, "वायपरचं रबर गेलंय. बरोबर डोळ्यांसमोर न पुसलेला पट्टा सुटतो. असल्या काचेनं पावसात मढच्या रस्त्याला कुणी जात नाही."

"मग नवे टाका ना," आई म्हणाली.

"बघू."

हा 'बघू' माझ्या चांगल्या ओळखीचा. निवेदन घेऊन कुठल्याही टेबलासमोर उभं राहा, पलीकडून हाच शब्द येतो. त्याचा अर्थ होतो नाही. फक्त म्हणणाऱ्याला त्याचा दोष लागत नाही.

"बाबा, माप सांगा. मी आणते."

"बघावं लागेल."

"तुम्हाला माहीत नाही?"

पेपर वर गेला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पेपरामागून "हं" आलं. ज्या माणसाला नुसती लाथ मारून चाकातली हवा कळते, त्याला स्वतःच्या गाडीच्या वायपरचं माप माहीत नाही? माहीत होतं. सांगायचं नव्हतं. आईला 'जाऊ नकोस' म्हणायची हिंमत नाही, म्हणून रबराच्या दोन पट्ट्यांना पुढे केलं होतं. माझं डोकं असं तापलं की मी पिशवी उचलली आणि चार मजले उतरून खाली गेले.

आता वायपर या वस्तूशी माझा जुना संबंध. पत्रकं वाटणारा माणूस वायपर उचलण्यात आयुष्य घालवतो. उभ्या गाड्यांची रांग दिसली की वायपर उचल, पत्रक सरकव, सोड. कुठल्या गाडीचा वायपर अलगद बसतो आणि कुठला थोबाडीत मारल्यासारखा येतो, हे मी डोळे मिटून सांगेन. पण इतकी वर्षं उचलूनही एक गोष्ट मला कधी दिसली नव्हती. दोन्ही वायपर सारखे नसतात! ड्रायव्हरच्या बाजूचा लांब, डावीकडचा आखूड. इथेही भेदभाव, म्हणून सवयीनं आधी रागच आला. मग डोक्यात प्रकाश पडला, की ज्याला बघायचंय त्याला काच जास्त दिलेली आहे. हे एवढं शहाणपण कुणीतरी गाडीत घालून ठेवलंय, याचा मला भर पावसात आनंद झाला.

मोजपट्टी चार मजले वर होती. पिशवीत पत्रकं होती, उघड्या गटारांवरची, ताजी छापलेली. आमची पत्रकं लीगल कागदावर असतात, म्हणजे चौदा इंच. हे मला झोपेतही पाठ. पत्रक काचेवर लावलं. लांब वायपर एक पत्रक आणि दुसऱ्याचा पाऊण भाग, जरासा कमी. चौदा आणि दहा, चोवीस. आखूड भरला एक पत्रक आणि तिसरा हिस्सा. चौदा आणि पाच, एकोणीस. संपलं काम! कसली मोजपट्टी आणि कसले बाबा.

ॲपवरून मागवायचं नाही, वस्तीतल्या दुकानातून घ्यायचं, हा आमच्या संघटनेचा नियम. म्हणून इंडस्ट्रियल इस्टेटच्या तोंडाशी असलेल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेले. दुकानदार मालवणी, चष्मा कपाळावर.

"चोवीस आणि एकोणीस," मी ऑर्डर सोडली.

"खंयच्या गाडयेक?"

मी गाडी सांगितली. त्यानं चष्मा खाली घेतला. "ह्या माप खंयसून हाडलंस गो? गाडी कोण चालवता? त्यांका पाठव."

झालं. बाई दुकानात आली की गाडी चालवणारा कुणी वेगळाच असतो! मी त्याला पाच मिनिटं ऐकवलं. ग्राहक कोण, ज्ञान कुणाच्या मालकीचं, सगळं. त्यानं मान डोलावत दोन खोकी काउंटरवर ठेवली. "घेवन जा बाय. माका काय."

परत आले तेव्हा आई खाली गाडीपाशीच उभी होती, छत्री धरून. जुने वायपर काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली. एक छोटी खिटी दाबून पातं खाली ओढायचं असतं. आम्ही वर ओढत होतो. नवे मात्र खट् करून बसले आणि आम्ही दोघी अक्षरशः नाचलो. आई स्टीअरिंगवर बसली.

"लावू?"

"लाव!"

लांब वायपर काचेच्या बाहेर जाऊन पत्र्यावर आपटला. परत येताना आखूड त्याच्यावर चढला. खटाक! पुन्हा सुटले, पुन्हा खटाक! दोघं एकमेकांत अडकून थरथरायला लागले, आत मोटर घूं घूं करू लागली, आणि आई घाबरून हॉर्न दाबत राहिली.

"बंद कर! अगं बंद कर, मोटर जळंल!"

बाबा. बनियनवर, अनवाणी, जिन्यातून धावत. गाडीच्या दारातून हात घालून त्यांनी बटण ओढलं. मग हातानं एक एक वायपर सोडवला, कुणाचा अडकलेला हात सोडवावा तसा. आणि आमच्याकडे न बघता काचेलाच म्हणाले,

"वीस आणि सोळा."

छत्रीवर पाऊस तडतडत होता.

"हे सकाळी सांगितलं असतंत तर?" मी म्हणाले.

"चोवीस कुठून आणलेस? ट्रकला लावायचे होते का?"

मी पत्रक दाखवलं. त्यांनी ते आडवं धरलं, उभं धरलं, आणि मला विचारलं, "हे लीगल आहे?"

नव्हतं. प्रेसवाल्याकडे लीगल कागद संपला होता म्हणून या खेपेला त्यानं ए-फोरवर छापलं होतं. फोनवर मीच त्याला म्हणाले होते, मजकूर बसतोय ना, मग चालेल. प्रत्येक पत्रकामागे मी सव्वादोन इंच जास्त मोजत होते. दुकानदाराला दिलेलं भाषण आठवून माझे कान गरम झाले.

बाबा वर निघाले. अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाले, "आणि ते चपटे नका आणू. आपल्या गाडीला फ्रेमवालेच बसतात चांगले." मग स्वतःवरच चिडल्यासारखे भराभर वर गेले. माझी खात्री आहे, त्यांना ते सांगायचं नव्हतं. पण चुकीचा वायपर घासून काचेवर ओरखडा उठेल, ही कल्पना त्यांना आईच्या गाडी चालवण्याहून जास्त असह्य होती.

दुकान दुपारचं बंद व्हायला अर्धा तास होता. या वेळी आई आली.

"पॅकेट फाडलास मां?" दुकानदार मला म्हणाला. "आता घेवचंय नाय."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "भाऊ, चूक हिची आहे. तोंड आधी धावतं, डोकं मागून येतं. पण उद्या सकाळी मला गाडी न्यायचीय."

"साहेब येणत नाय?"

"साहेब मीच."

तो हसला. खोक्यांतली पाती काढून त्यानं उजेडात धरली, रबराला ओरखडा नाही हे बघितलं आणि कपाटात टाकली. मग आमच्यासमोर वीस-सोळाच्या तीन जोड्या मांडल्या. आणि आईनं जे केलं ते मी अजून सगळ्यांना सांगते. ती घरी शिवणकाम करते. तिनं प्रत्येक रबराची धार, फॉलची किनार तपासावी तशी, चिमटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. पहिल्यात मध्येच गाठीसारखं काही लागलं. बाजूला. दुसरं सरळ होतं, पण वाकवून सोडल्यावर वाकडंच राहिलं. बाजूला. तिसरं फ्रेमवालं, साधं, काळं. वाकवलं, सोडलं, टपकन् सरळ. तिनं खिटी दोनदा दाबून उघडून बघितली, स्वतःला जमतंय का म्हणून.

"हे."

"माल वळाखतास तुमी," दुकानदार म्हणाला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्यासुद्धा.

रविवारी सकाळी पाऊस ओतत होता. चौघी मैत्रिणी डबे, चटई आणि एक भलामोठा थर्मास घेऊन हजर. गाडीत मला जागा नव्हती. पाच बायका, पाच सीटा. मी स्वतःच मोठ्या तोंडानं जाहिरात केलेल्या सहलीतून मी स्वतः बाद!

"ए, हळू चालव हां," मागची एक म्हणाली, "माझं सुनेशी भांडण अर्धवट राहिलंय."

"पुढं बसलेलीनं बडबड करायची नाही," आईनं फर्मान काढलं. "मला ऐकू येत नाही मग."

"रस्ता कानानं बघतेस का गं?"

सगळ्या खिदळल्या. बाबा वरून आले, छत्री न घेता. काचेसमोर उभे राहिले आणि हातानं खूण केली, चालू कर. वायपर फिरले. उजवीकडचा लांब, डावीकडचा आखूड, एकामागोमाग, गुपचूप. बाबांनी वाकून डावा कोपरा बघितला, उजवा बघितला. पट्टा कुठेच नव्हता. सांगण्यासारखं काही सापडलं नाही तेव्हा त्यांनी बॉनेटवरचं एक ओलं पान उचलून फेकलं.

"अहो, सरका," आई काच खाली करून म्हणाली.

ते सरकले. गाडी गेटकडे निघाली, पहिला खड्डा चुकवला, दुसऱ्यातून गेली आणि बाबांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. मी मोर्चातल्यासारखी ओरडत होते. आईनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती समोर बघत होती.

गेटपाशी गाडी थांबली. दोन रिक्षा जाऊ दिल्या. मग मागचा डावा दिवा लुकलुकला.

"इंडिकेटर दिला," बाबा म्हणाले.