मधलं नाव

दुपारचे अडीच वाजले होते. मेलबर्नमधल्या क्लेटनच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं मी जागेवर लावत होते, तेव्हा हॉस्पिटलमधून फोन आला. पलीकडची बाई फार हळू, फार नीट बोलत होती, त्यावरूनच काय ते कळलं. माझ्याबरोबर घरात राहणाऱ्या मित्राला सायकलवरून येताना चौकात व्हॅनने धडक दिली होती आणि त्याच्या पाकिटातल्या कार्डावर, अडीअडचणीला फोन करायचा म्हणून, माझा नंबर होता. तो गेला, हे तिने सांगितलं. मग स्पेलिंग विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि शेवटी म्हणाली, "एनी अदर नेम?" दुसऱ्या कुठल्या नावाने त्याला कधी ओळखत होते का? बातमी ऐकून तीन मिनिटंही झाली नव्हती, अजून रडूसुद्धा फुटलं नव्हतं, आणि मला पहिली वाटली ती भीती. मी "नो" म्हणाले. साफ खोटं बोलले. सात वर्षं त्याच्याबरोबर राहून तेवढं मात्र पक्कं शिकले होते.

आता त्याला दोन महिने होतील. या पुरवणीसाठी लिहायला सांगितलं तेव्हा संपादकांनी आधी फोटो आणि पूर्ण नाव मागितलं. दोन्ही मी देणार नाही. इथे त्याला समीर म्हणते. त्याची आयुष्यात दोन नावं झाली, त्यांतलं हे एकही नाही. गेलेल्या माणसावर लिहायचं आणि त्याचं नाव घालायचं नाही, हे विचित्र दिसतं, मला मान्य आहे. का घालत नाही ते सांगते.

आम्ही दोघं युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, असताना क्लेटनमध्ये एका भाड्याच्या घरात राहायचो. आला तेव्हा तो मुलीच्या नावाने आला होता, मीही त्याला मुलगीच समजत होते. एका संध्याकाळी मी कांदा चिरत होते आणि तो तांदूळ धूत होता. म्हणाला, "मी भात लावतो." मला वाटलं, जीभ घसरली. "लावतो?" मी विचारलं. त्याने पातेल्यातून मान वर काढली नाही. "हो. लावतो." पाणी सगळं ओट्यावर सांडत होतं. मी म्हणाले, "बरं, दोन वाट्या लाव. आणि मऊ कर, परवाचा नुसता टणक होता." बस्, एवढंच. लोक म्हणतात, अशा गोष्टी सांगायला मोठं धैर्य लागतं. त्याला एक काना-मात्रा बदलावी लागली, आणि ती बदलायला त्याने तेवीस वर्षं घेतली होती. मी मात्र पुढे कित्येक महिने "आलीस का गं" म्हणून चुकत राहिले. तो चष्म्यावरून नुसता बघायचा.

घरी सांगणं शक्य नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. वडील कऱ्हाडजवळच्या एका गावात गणिताचे मास्तर, आता रिटायर झालेले; अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. पुरुषी हार्मोनची औषधं सुरू झाली तसा समीरचा आवाज जाड होत गेला. सुरुवातीला "घसा बसलाय बाबा" चाललं, पण घसा किती दिवस बसणार? मग फोन थांबले आणि रोजचा एक मेसेज उरला. तो कसा, तर "जेवण झालं. कामावर जाणं झालं. थंडी आहे." ना 'मी जेवले', ना 'मी जेवलो'... जेवण झालं! मी चिडवायचे, "बापाला सरकारी परिपत्रक पाठवतोस काय रे?" एकदा हसता हसता गंभीर झाला. "इंग्लिशमध्ये 'आय एट' म्हटलं की सुटलो. मराठीत साधं जेवलो म्हणायचं तरी आधी ठरवावं लागतं. 'जेवले' लिहिलं तर खोटं होतं आणि 'जेवलो' लिहिलं तर उद्यापासून मेसेज बंद होईल." तो एक मेसेज बंद होईल, याचीच त्याला भीती होती. बाकी जगाला तो फारसा भीत नव्हता.

नाव बदलायला इथे सहसा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, फॉर्म भरला की काम होतं. समीरचं अडलं ते आपल्या बारशामुळे. जन्माची नोंद झाली दुसऱ्या दिवशी, बारसं झालं बाराव्या दिवशी, आणि नाव घालायला पुन्हा नगरपालिकेत कोण जातो? त्याच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच. इथल्या ऑफिसला कळेना की ज्याचं मूळ नावच कागदावर नाही ते बदलायचं कसं. अर्ज नाकारला गेला आणि प्रकरण सुनावणीला गेलं. सुनावणी म्हणजे फाइल आली, शपथपत्रं आली. तो आधी मुलगी म्हणून आणि मग मुलगा म्हणून माझ्यासमोर कसा राहिला, हे मीच दोन पानांत लिहून सही केली. सही करताना माझ्या लक्षात आलं, की त्याची दोन्ही नावं एका ओळीत असलेला जगातला पहिला कागद मी तयार केला आहे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वकीलबाई शहाण्या होत्या. फाइल बंद, म्हणजे कोणालाही बघता येणार नाही अशी, ठेवायचा वेगळा अर्ज त्यांनी केला. नव्या नावाचा फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "मधलं नाव तेच ठेवायचं? त्यावरून कोणीही तुला शोधेल." मधलं नाव म्हणजे अर्थात वडिलांचं. आपल्याकडे ते असतंच, कोणी विचारून ठेवत नाही. मीही म्हणाले, "काढून टाक ना रे, इथे कोणाला कळतंय." तो माझ्यावर ओरडला. सात वर्षांत तो एकदाच ओरडला. "माझं नाव मी बदलतोय. बाबांचं कशाला बदलू?" ते नाव त्याने ठेवलं.

फाइल बंद करायचा हुकूम सुनावणीत होणार होता, पण सुनावणीची यादी आदल्या संध्याकाळीच नेटवर लागली. जुनं नाव, पुढे उर्फ, मग नवं नाव. दोन्हीकडे मध्ये बाबा. दुसऱ्या दिवशी दुपारी हुकूम झाला, यादी उतरली. म्हणजे जेमतेम एक दिवस. पण त्या एका दिवसाने त्याची झोप नेली. कोणी बघितलं असेल? फोटो काढून ठेवला असेल? आपली माणसं भेटली की पहिला प्रश्न, "कुठले तुम्ही? वडील काय करतात?" त्याने गणपतीला इथल्या मराठी मंडळात येणं सोडलं. सिडनीला कॅसल हिलमध्ये त्याची चुलतबहीण राहायची. तिच्यापर्यंत पोचलं तर गावापर्यंत पोचायला तास लागणार नाही, म्हणायचा. रोज सकाळी चहा घेताना माझा लॅपटॉप ओढायचा आणि वडिलांचं नाव टाकून शोधायचा. काही नाही आलं की चहा प्यायचा. चार वर्षं हेच. मी वैतागून म्हणायचे, "अरे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस." तो म्हणायचा, "असेल. पण बघून घेतो." आणि खरं सांगते, तो शोधत असताना मीसुद्धा श्वास रोखून उभी असायचे.

हॉस्पिटलच्या फोननंतर मास्तरांना कळवायचं होतं. मी वाक्यं पाठ केली. गेला म्हणायचं नाही, गेली म्हणायचं नाही. तो मेला तरी त्याचं गुपित माझ्या तोंडून फुटायला नको. फोन लागला. "काका, मी मेलबर्नहून बोलतेय, घरात बरोबर राहणारी... सायकलला अपघात झाला. हॉस्पिटलात नेणं झालं, पण... उपयोग झाला नाही." पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग मास्तरांनी विचारलं, "जेवला होता का तो?"

मी मग म्हणाले, "हो काका. जेवला होता. डबा नेला होता त्याने." आणि तेव्हा मला रडू आलं.

त्याच्या फोनचा पासवर्ड मला माहीत होता. त्या रात्री नाही, चार दिवसांनी धीर करून मी बापलेकाचे मेसेज उघडले. आधीची वर्षं मास्तर लिहायचे, "जेवलीस का? बरी आहेस ना?" सुनावणीच्या त्या दुपारपासून पुढे सगळीकडे, "जेवण झालं का? तब्येत ठीक ना?" एकदाही चूक नाही, गणिताच्या मास्तरांची. चार वर्षं दोघं एकमेकांना परिपत्रकं पाठवत होते. आणि समीर, जो रोज सगळं जग तपासायचा, त्याने एवढं बघितलं नाही. मला त्याचा राग आला, मास्तरांचा आला, माझाही आला. एका घरात राहून मी तरी ते मेसेज कधी नीट वाचले?

या लेखाच्या वेळी मी मास्तरांना विचारलं, नाव छापू का. ते म्हणाले, "त्याचं छाप की. एवढं झगडून मिळवलंय पोराने. पण मध्ये माझं नको घालूस, पोरी. माझ्या नावावरून सापडतो तो. रोज पेपर वाचून झाला की मी माझं नाव टाकून बघायचो, परदेशात लेकराला काही कमी-जास्त तर नाही ना म्हणून. मला तसाच सापडला."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"मला कळलंय हे त्याला कळलं असतं, तर मेसेज बंद केला असता त्याने. घाबरट होता. माझ्यावर गेला."

मास्तरांना अजून त्या गावात राहायचं आहे आणि ते घाबरलेले आहेत, ते मला ऐकू येतं. वडिलांचं नाव घालून छापणं त्यांना नको, आणि ते गाळून छापणं समीरला चाललं नसतं. म्हणून इथे काहीच नाही. बंद फाइल बंदच राहील, असं वकीलबाई म्हणतात. पण आता अपघाताच्या चौकशीची नवी फाइल उघडली आहे आणि तिच्यात काय काय लिहिलं जाईल, मला माहीत नाही.

सकाळी चहा घेऊन मी लॅपटॉप उघडते. पहिलं अक्षर टाईप केलं, की पुढचं मास्तरांचं नाव तो आपोआप भरतो. चार वर्षांत त्याला पाठ झालंय. आधीचे शोध पुसून टाकायची सोय असते, मला करता येते. मी पुसलेले नाहीत. बटण दाबते, काही येत नाही, आणि मग चहा पिते.