एकच रोप, सगळे देश

आमच्या गल्लीतला माळीकाका शहरात भरलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत कामाला लागला, तेव्हा मी त्याला चिकार टोमणे मारले. 'पर्यावरणपूरक स्पर्धा' असले फलक बघितले की माझं डोकंच फिरतं. पण काका खूश होता. प्रत्येक देशाचा संघ मैदानाबाहेर एक झाड लावणार होता आणि खड्डे काका खणणार होता.

पहिल्याच दिवशी मुकादमानं कानात सांगितलं, "रोपाची पिशवी काढू नकोस. फोटो झाला की उपटायचं. तेच पुढच्या संघाला."

पोटासाठी काकानं मान डोलावली. एकच रोप देशोदेशीचे पाहुणे लावत राहिले, टाळ्या वाजत राहिल्या.

मग एका सकाळी एक परदेशी धावपटू पोरगी बाटलीत पाणी घेऊन एकटीच आली. पुढच्या फोटोसाठी खड्ड्यात उभं केलेलं रोप आपलंच समजून तिनं त्याला पाणी घातलं आणि खुणेनं विचारलं, बाकीच्यांची झाडं कुठायत? काकानं लांब कुठेतरी हात दाखवला. तिनं त्याचे मातीचे हात हातात धरून आभार मानले. काका शरमेनं अर्धा झाला.

ती गेल्यावर त्यानं पिशवी फाडली आणि खोल खड्ड्यात रोप पक्कं लावलं.

दुपारी मुकादम ओरडला, "अरे, काढ की ते! पाहुणे आलेत!"

"लागलं ते, साहेब. आता निघायचं नाही."

काकाचं काम तिथल्या तिथे गेलं. मी शाबासकी द्यायला गेलो, तर काका मान वर करेना.

"नको रे. तिचं एक लागलं. बाकीचे पाणी घालायला आले, तर त्यांना कुठलं दाखवू?"