लाल पट्टीवाले सार

तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा हात सार यंत्रावर ठेवत. माणसाच्या पाठीवर ठेवलेला मी कधी पाहिला नाही. सार म्हणजे आमचे सर; इकडे सगळे तसंच म्हणतात. ते पुण्याहून म्हैसूरला आले होते. शहरातल्या विजयनगर भागाच्या पलीकडे आमच्या संस्थेचं मोठं संगणकघर आहे, ते त्यांच्या ताब्यात होतं. माणसाहून उंच कपाटं रांगेनं उभी, आत हजारो संगणक, आणि सगळे मिळून एकच गणित सोडवणारे. मी तिथल्या फरश्या आणि खुर्च्या पुसते.

"गार ठेवलं तर वीज फार खर्च होते, गरम ठेवलं तर बिघाड होतो. मधली रेघ माझी," असं ते म्हणत. रोज सकाळी प्रत्येक कपाटाच्या मागच्या जाळीशी तळहात धरत. पडद्यावर आकडे असत, पण आकडा उशिरा बोलतो, हात आधी बोलतो, अशी त्यांची खात्री. हवा जास्त गरम लागली की तिथं लाल पट्टी चिकटवत. मग तो संगणक बंद पडण्याआधीच रांगेतून बाहेर. एक अडखळला की बाकीचे त्याच्यासाठी थांबतात, आणि थांबलेलेही वीज खातात. "दया केली की सगळं बसतं," हे त्यांचं लाडकं वाक्य.

माणसांनाही हाच नियम. ज्याला काढायचं त्याच्या खुर्चीच्या पाठीवर सकाळी लाल पट्टी दिसे. नंजप्पा कपाटं गार ठेवणाऱ्या पाण्याचे पंप सांभाळायचा. म्हातारपणी त्याला नीट ऐकू येईना, एका पंपाचा बदललेला आवाज त्याला कळला नाही. लगेच पट्टी. तो रडत आला. "अय्यो सार, या वयात एल्लिगे होगली? कुठं जाऊ मी?"

"पंप बदलताना पंप रडतो का?" सार म्हणाले, आणि उठून त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. "उभ्या माणसाला वारा कशाला?"

आमचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत आलेले. ते कळल्यावर सार मला म्हणाले, "ते तलवार घेऊन आले, तू फडकं घेऊन आलीस. प्रगती आहे." माझ्या मराठीत कन्नड शब्द आला की मोठ्यानं हसत. "चौथी शिकलीस आणि बोलत नाहीस. दोन्ही गुण कामाचे." लागायचं मला. पण त्या इमारतीत माझ्याशी मराठीत बोलणारे तेवढेच एक होते. ते बोलले नाहीत तर दिवस सुना जाई.

एकदा त्यांनी वाफाळत्या कॉफीचा स्टीलचा पेला मुठीत धरला आणि सोडलाच नाही. तळहात लालबुंद झाला. साखरेच्या आजारानं हाताला काही कळेनासं झालं होतं. मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पुसता पुसता जाळीशी हात धर. गरम लागलं की फडकं खांद्यावर टाक. आणि तोंड बंद." तेव्हापासून मी पुढे पुसत जाई, ते मागून येत. मी फडकं खांद्यावर टाकलं की ते पट्टी लावत. कुणाला संशय आला नाही. फडकेवालीकडे कोण बघतं!

मग माझी मावशी वारली. अस्थी सोडायला टी. नरसीपूरच्या संगमावर जायचं होतं. मी रजा मागितली.

"जा. एका दिवसात काय जळतंय?"

मला मागून कळलं, त्या दिवशी वीज वाचवायला त्यांनी पाणी आणखी कोमट सोडायला लावलं. आकडा चढतोय, असं दीपामॅडम सांगत होत्या. त्या सारांच्या हाताखालच्या, त्यांना हे काम सारांनीच शिकवलेलं. सारांनी जाळीशी हात धरला आणि म्हणाले, "ठीक आहे." थोड्याच वेळात कपाट जळालं, सगळं संगणकघर बंद पडलं. शास्त्रज्ञांचं कित्येक दिवस चाललेलं गणित गेलं.

मी परतले तेव्हा यंत्रं पुन्हा सुरू झाली होती आणि सगळे एका कपाटामागे जमले होते. दीपामॅडम म्हणाल्या, "सार, इथं हात धरा. कसं आहे सांगा."

त्यांनी हात धरला. मी शेजारच्या कपाटाशी होते, मला तिथूनच झळ लागत होती. मी फडकं खांद्यावर टाकलं. त्यांनी ते पाहिलं.

"फडकं खाली घे," ते मला म्हणाले. "परीक्षा माझी आहे." मग दीपामॅडमकडे वळले. "कळत नाही."

दीपामॅडमचे डोळे भरले.

"रडतेस काय? हेच शिकवलं ना तुला?"

दीपामॅडमनी सारांच्या खुर्चीला पट्टी लावली. एक कोपरा सुटाच राहिला. सारांनी तो त्याच मेलेल्या तळहातानं दाबून बसवला. "अर्धवट लावलेली गळून पडते," म्हणाले. डबा उचलला, जाताना खोलीतला पंखा बंद केला. माझ्याशी बोलले नाहीत. मराठीतही नाही.

पट्टी पुढे कुणीतरी काढली, डिंक राहिला. रोज सकाळी माझं फडकं तिथं अडकतं. दीपामॅडम आता त्याच खुर्चीवर बसतात. पाठ टेकत नाहीत.