जाताना पळ, येताना चालत ये

मी पळायला लागलो की आबा घराचं दार लावून घेत. आबा म्हणजे माझे वडील. मी लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होतो, राहायला क्वार्टर होतं, आणि ड्यूटीच्या आधी पहाटे कार्ल्याच्या रस्त्याला पळून यायचं हा माझा नेम. सुट्टीला टाकव्याला घरी गेलो की तिथंही पळायचो. परत येताना आमचं दार लांबूनच बंद दिसायचं. आई दार उघडायची, आबा आत भिंतीकडं तोंड करून बसलेले. मला त्याचा फार राग यायचा. लोकांचे बाप पोराचं कौतुक सांगत गावभर हिंडतात आणि आमचे दाराला कडी घालतात, असं मी आईला ऐकवायचो. ती म्हणायची, "सोड रं. त्येंचं त्येंना ठावं."

रेल्वेच्या विभागाचा दौडीचा संघ निवडायचा होता. निवडीची शर्यत लोणावळ्यातच होणार होती, आणि मी निवडला जाईन असं शेडमधले सगळे म्हणत होते. नेमकी तिच्या थोडं आधी आमच्या समाजाची काही मंडळी सिलोनच्या यात्रेला निघाली. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून आबांची ती एकच इच्छा होती. आईला दम्याचा त्रास, ती येणं शक्य नव्हतं. तिला सोडून जायला आबा तयार होईनात. मीच हट्ट धरला आणि त्यांच्यासोबत जायचं ठरवलं. पासपोर्टासाठी त्यांचा आयुष्यातला पहिला फोटो काढला. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात.

धनुष्कोडीहून बोटीनं पलीकडं गेलो, तिथून रेल्वेनं कोलंबो. पुढं एक जुनी मोटार केली आणि समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला निघालो. ड्रायव्हर तिथलाच, वयस्क. त्याला आमची भाषा येत नव्हती नि आम्हाला त्याची, तरी तो दिवसभर आमच्याशी बोलायचा. एका पुलाजवळच्या बोधिवृक्षापाशी त्यानं गाडी थांबवली, पेटीत नाणं टाकलं, हात जोडले आणि मगच पुढं निघाला. आबांना ते फार आवडलं. मुंबईला जाऊन आले होते तरी या यात्रेआधी समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, आणि इथं तो उजव्या हाताला दिवसभर सोबत चालत होता. माडांच्या शेंड्यांमध्ये दोर बांधून माणसं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर माडी काढायला जात होती. आबा मान वर करून बघत राहिले. "ह्ये बरंय," म्हणाले, "जिमिनीला पाय लावायचं कामच न्हाई."

रात्री कुठल्या तरी विहाराच्या विश्रामशाळेत मुक्काम. मी उजाडण्याआधी उठायचो आणि वाळूवरून पळायला जायचो. ओल्या वाळूत पाय रुततो, पोटऱ्या भरून येतात. निवडीच्या शर्यतीला याचा फायदा होईल असा माझा हिशेब. आबा उठायच्या आत परतायचं एवढी काळजी घ्यायचो. भांडण नको, यात्रेत तरी.

पण समुद्र काही माझ्या शेडचा नोकर नव्हता. एका मुक्कामी वाटेत ओढ्याचं मुख लागलं. जाताना पाणी घोट्याएवढं होतं, छपाछपा ओलांडून गेलो. परत आलो तर भरती आलेली, मधे छातीभर पाणी, ओढही जोरात. आम्हा मावळातल्या लोकांना नदीचा पूर कळतो, पण पाऊस नसताना पाणी चढतं हे कुणाला माहीत? किनारा सोडून आतल्या बाजूला पळत रस्ता गाठायचा, लांबचा वळसा घेऊन यायचं, एवढंच हातात होतं. ऊन वर आलं. लांबून आमच्या मोटारीचा भोंगा ऐकू यायला लागला. मंडळी खोळंबली असणार म्हणून होतं नव्हतं ते बळ लावून रस्त्यानं धावत सुटलो.

आबा विश्रामशाळेच्या पायरीवर बसले होते. मला बघून ते उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली. मी जवळ पोचलो तोवर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं. "तुजी आई?"

मला इतका दम लागला होता की तोंडातून शब्द फुटेना. मी गुडघ्यांवर हात टेकून नुसता धापा टाकत होतो, आणि माझं ते न बोलणं त्यांनी होकार धरलं. ते मटकन खाली बसले. टोपी तेवढी दोन्ही मुठीत आवळलेली.

"न्हाई," मी कसाबसा म्हणालो, "कुनी न्हाई गेलं! मी पळायला गेलतो आबा, पळायला!"

कळायला त्यांना वेळ लागला. ड्रायव्हरनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच पायरीवर ठेवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला, तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्रापलीकडच्या मुलखात, जिथं आम्हाला काळं कुत्रं ओळखत नाही, तिथंही यांना माझ्या पळण्यात मढंच दिसावं?

"किती दिस ह्ये धरून बसनार?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "गावकी सोडली न्हवं? मग आता तरी सोडा की!"

इथं थोडं सांगायला हवं. धर्म बदलण्याआधी गावकीची जी कामं आमच्या वाड्यावर लादलेली होती, त्यात मयताचा सांगावा पोचवणं हे आबांचं काम. गावात कुणी मेलं की त्याच्या सोयऱ्यांना गावोगाव कळवायचं. माणसं यायच्या आत मढं हलवता येत नाही, म्हणून चालत जाऊन भागायचं नाही, पळत जायचं. बांधाबांधानं वडिवळ्याला, नदीच्या कडेनं इंदुरीला. घराच्या बाहेर लांब उभं राहायचं आणि तिथूनच ओरडून सांगायचं. छप्पननंतर आबांनी ते काम एका दिवसात टाकलं, गावानं त्रास दिला तरी पुन्हा केलं नाही. हे मला माहीत होतं. मला वाटायचं, एवढंच आहे.

मोटार निघाली. आबा मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. माझ्याकडं न बघता, समुद्राकडं तोंड करून ते बोलायला लागले.

"मला पळताना बगून बाया चुलीवरचं सोडून भाईर यायच्या. कुनाच्या घरला जातोय म्हनून. ज्येच्या दारात थांबलो त्ये घर बोंबलायला लागायचं, आन मलाच शिव्या घालायचं. सांगावा आननाऱ्याला कुनी पानी इचारत न्हाई. बस म्हनायचं तर लांबच."

"तुज्या आदी एक पोरगी हुती आमाला. तापानं पडली हुती. त्येच दिशी पाटलाकडं मयत झालं. म्या इंदुरीला पळत गेलो, परत पळत आलो. येशीपाशी आलो तर आपली मानसं रस्त्याला हुबी. मला वाटलं, माजी वाट बगत्यात. तर पोरगी गेलेली. मला सांगायला पळनारा कुनी न्हवता. पळनारा म्याच हुतो न्हवं."

त्या बहिणीबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही. बाहेर समुद्र तसाच होता, ड्रायव्हर त्याच्या भाषेत काहीबाही सांगत होता. मी आबांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

पुढं मी पळायचं बंद केलं. पहाटे जाग यायची, पाय वळवळायचे, पण पडून राहायचो. शर्यतीला नाव द्यायचंच नाही असं मनाशी ठरवत होतो. ठरवताना जीव तुटत होता, हेही खरं. नऊ तास इंजिनाखाली तेलात माखणाऱ्या माणसाला स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतं काय?

परतीच्या आदल्या पहाटे आबांनीच मला हलवलं.

"आज बी न्हाई जायाचं?"

"न्हाई."

"जा. तुज्या पायाचा काय गुना?" त्यांनी माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "फकस्त येक कर. जाताना पळ. येताना चालत ये."

मी जवळजवळ तसंच केलं. माडांच्या आड ते दिसेनासे होईपर्यंत रमतगमत गेलो, मग जीव खाऊन पळालो, आणि परतताना तो अख्खा किनारा चालत आलो. आबा पायरीवरच होते. टोपी डोक्यावर होती.

आता शर्यतीत काही चालत येता येत नाही. लोणावळ्याच्या मैदानावरून सुटून कार्ल्याच्या फाट्याला वळायचं आणि परत मैदानात शिरायचं, ते जिवाच्या आकांतानं. आबा येणार नाहीत हे मी धरूनच चाललो होतो. मी त्यांना शर्यतीचा दिवस सांगितला तो नुसता कानावर असावा म्हणून.

मैदानात शिरलो तेव्हा माझ्या पुढं दोघंजण होते. माणसं ओरडत होती. शेवटच्या रेघेपलीकडं, गर्दीपासून जरा लांब, आबा एकटेच उभे होते. गावाजवळच्या कामशेत स्टेशनावरून सकाळच्या गाडीनं आले असणार. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते. क्षणभर पाय चालीवर आले माझे. पण मग वाटलं, हा माणूस एवढ्या लांबून माझं चालणं बघायला आलेला नाही.

मी पळत राहिलो. रेघ ओलांडली, पंचांनी नंबरासाठी हात धरला तो सोडवून घेतला आणि आबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. माझ्या धापा त्यांना ऐकू गेल्या असणार. डोळे त्यांनी उघडले नाहीत.

"समदी बरी हैत का?" त्यांनी विचारलं.

या खेपेला मी दमासाठी थांबलो नाही. "समदी बरी हैत, आबा. आई बी बरी हाय."

त्यांनी डोळे उघडले, टोपी डोक्यावर घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली गवतावर दाबलं.

"बस," ते म्हणाले. "बस हितं. पानी आनतो."