वजा राहू द्या

"वजा राहू द्या," म्हणत बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या. "पैसे आपल्या खिशातनं जाणार ना? मग वजाच."

संगमनेरच्या आमच्या पतसंस्थेची वेबसाइट त्यांनी एकटीनं बांधली. मी शेजारच्या खिडकीतला कॅशियर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या हौसेनं समजावायच्या. हप्त्याचं गणित आपण रचायचंच नसतं म्हणे. सर्व्हरवर जी भाषा चालते, तिच्यात त्याचं फंक्शन तयार असतं. दर, महिने, रक्कम दिली की हप्ता हजर, आणि तोही वजा चिन्हासकट. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारबांनी विचारलं, "वजा हाय म्हंजी संस्थाच मला देनार का?" बाई पोट धरून हसल्या, त्यांना चहा पाजला, पण चिन्ह काही हलवलं नाही.

मग भानगड झाली. शिवणकाम करणारी एक ताई मोबाईल नाचवत आली. "लाखाला, पाच वर्साला, तुमची साइट एकवीसशेच्या आत हप्ता दावती. तुमी चोवीसशेच्या वर कसं घेता वो?"

दर दोन्हीकडं नऊच होता. फंक्शन उरलेल्या मुद्दलावर व्याज धरत होतं आणि आमची संस्था शेवटच्या महिन्यापर्यंत अख्ख्या लाखावर!

त्या दुपारी बाईंनी डबा उघडला नाही. दुसरं एक उलटं फंक्शन असतं. हप्ता सांगितला की खरा दर काढून देतं. त्यात त्यांनी आधी स्वतःचंच कर्ज घातलं. घरावर स्लॅब टाकायला आमच्याच संस्थेतून काढलेलं, पाच वर्षांचं.

"भाऊ, नऊ नाही हो. पावणेसोळा." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी साइटवर खरा हप्ता आला आणि त्याखाली नवी ओळ, 'खरा दर'. सकाळी चेअरमन दारात.

"काढा ती ओळ."

"खोटं काय आहे तिच्यात?"

"खोटं कशाला असंल? पण ओळ ठेवायची तर नोकरी सोडायची, आन् नोकरी सोडायची तर कर्ज एकरकमी भरा. न्हाईतर जामीनदार हायेतच."

बाईंचा जामीनदार मी. माझ्या कर्जाला त्या. आमच्याकडं कर्मचारी असेच एकमेकांना जामीन राहतात. दुसरं कोण राहणार? बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून नोटा मोजत राहिलो.

त्यांनी ओळ काढली. वजा चिन्हही काढलं. त्यानंतर त्यांचं ते "राहू द्या" कुणी ऐकलं नाही.

पुढं पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं, तर त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "मी गेले तर तुमच्या गळ्याशी येईल, भाऊ." मी रागावलो, "माझ्यासाठी थांबू नका!" राग लटका होता. आतून मला हायसं वाटलं होतं, आणि हे सांगायची मला आजही लाज वाटते. तीन वर्षं त्या अशा अडकून बसल्या.

शेवटचा हप्ता त्यांनी माझ्याच खिडकीत भरला. पावतीची घडी पर्समध्ये ठेवली आणि तासाभरात राजीनामा दिला. जाताना चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "तुमच्या कर्जाला मी आहेच जामीन. खरं बोलावंसं वाटलं तर बोला. माझी काळजी करू नका."

बोलावंसं तर रोज वाटतं हो.

काल तीच शिवणवाली ताई आली. दुसरं मशीन घ्यायचंय. बाईंच्या खुर्चीवर आता प्रिंटरचं खोकं आहे. ती आधी तिकडं गेली, मग माझ्याकडं वळली.

"दादा, त्या बाई खरं सांगायच्या. तुमी सांगा, व्याज नऊच ना?"

माझे अजून सव्वीस हप्ते बाकी आहेत. चेअरमनच्या केबिनचं दार उघडं होतं.

"व्हय," मी म्हटलं, "नऊच."