वसूची काळी लोकर

वसूच्या बायकोचा, सुषमाचा फोन आला तेव्हा मी पंचवटीच्या भाजीबाजारात मेथी बघत होते. "आक्का, हे गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मी भाजीवालीला म्हटलं, दोन जुड्या दे. का म्हटलं, मला अजून कळत नाही... वसू माझा धाकटा भाऊ. दीड महिना झाला.

तो समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करायचा. मी सातवी शिकलेली, पण विचारल्याशिवाय राहायची नाही. एकदा ओट्याशी उभं राहून त्यानं सांगितलं, की जमिनीतून, नदीच्या गाळातून समुद्रात थोडं रेडियम उतरतं, निसर्गाचंच, आणि किनारा सोडला की आपोआप कमी होत जातं. त्याची एक जात तर साडेतीन दिवसांत निम्मी होते. "म्हणजे किती उरलं ते मोजायचं. पाणी किनाऱ्यावरून निघून किती दिवस झाले ते कळतं." मी म्हटलं, "आणि एवढं बारीक पकडता कशानं, गाळणीनं?" "लोकरीनं," तो म्हणाला. मला वाटलं, थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. तीन वर्षांपूर्वी, आपली गोदावरी समुद्राला मिळते तिथून परतताना तो दोन दिवस माझ्याकडे राहिला. सोबत पिशवीत काळी, ओलसर लोकर; समुद्राचं पाणी तिच्यातून सोडलं की त्यातलं रेडियम तिला चिकटतं, हे मला नंतर कळलं. तो आंघोळीला गेला तेवढ्यात मी ती साबण लावून खळखळून धुतली आणि दोरीवर टाकली. बाहेर येऊन त्यानं दोरीवरची लोकर हातात घेतली. "आक्का, आता यात नळातून आख्खं गंगापूर धरण आलं की." "बिघडलं का रे काही?" "छे, धुवायचीच होती." आणि पोहे मागितले.

दहाव्याला त्याचा एक सहकारी सहज बोलून गेला, की सरांचा तिथला एक नमुना वाया गेला होता, त्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा बोटीवर जावं लागलं. डॉक्टर नको म्हणत होते तरी. सरांनी सगळ्यांना सांगितलं, माझ्याच हातून बिघडला... तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ. ती फेरी त्याला भोवली का? मला का नाही बोलला? चार शब्द रागावून बोलला असता तर बरं झालं असतं, की नसतं? शेवटी सुषमाला विचारलंच. ती म्हणाली, "आनंदानं गेले होते हो. म्हणायचे, आक्काकडे दोन दिवस राहिलं की माणूस सोडून सगळं धुऊन निघतं." मी हसले. मग वाटलं, हे खरं, की ती माझी समजूत घालतेय?

मागच्या खेपेला तो आपला टॉवेल विसरून गेला. न्हाणीतल्या खिळ्याला तसाच आहे. रोज कपडे भिजवताना हात तिथवर जातो... आणि शेजारचा माझा पंचा तेवढा काढून आणते.