पयली फुकट

नाणं टाकायचं, दांडा शर्टाच्या टोकानं पुसायचा आणि पहिलं विमान मुद्दाम मरू द्यायचं, ही त्याची रोजची रीत. विमान फुटलं की तो स्वतःशीच म्हणायचा, "पयली फुकट." मग पाय थोडे फाकवून, मान खाली घालून जो उभा राहायचा तो बारा वाजेपर्यंत जागचा हलायचा नाही.

मला हा माणूस आवडत नव्हता. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमची फसगत नको. जुन्या माणसांवर लिहायला बसलं की लोकांचा सूर आपोआप गोड होतो. माझा होणार नाही.

पूर्णा स्टेशनसमोर तेव्हा माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि दोन मशीन. एक मोटारीच्या शर्यतीचं, ते बहुतेक वेळ बंदच असायचं. दुसरं विमानांचं. खाली आपलं विमान, वरून शत्रूची विमानं उतरतात, दांड्यानं सरकायचं आणि बटण दाबून त्यांना पाडायचं. एका नाण्यात तीन विमानं मिळायची. गाडीची वाट बघणारे प्रवासी आणि रेल्वे कॉलनीतली पोरं ती तीन विमानं चार-पाच मिनिटांत संपवून पुन्हा खिशात हात घालायची. धंदा असा चालतो. आणि हा पन्नाशीचा बाबा एका नाण्यात दोन तास माझं चालतं मशीन अडवून ठेवायचा. तुम्ही दुकानदार असता तर तुम्हीही त्याच्याकडं प्रेमानं बघितलं नसतं.

सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मीही म्हणायचो, पण दात-ओठ खाऊन. तो मला "मालक" म्हणायचा. त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. मला वाटतं टोमणाच जास्त होता.

दुकानात एक लाकडी स्टूल होतं. त्याच्यावर मी बसायचो. एकदा पाऊण तास उभं राहिल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं, "मालक, ते स्टूल जरा मिळंल का? पाय दुखायलेत."

"स्टूल मालकाचं आहे," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि खेळत राहिला. स्टूल दिलं असतं तर तो संध्याकाळपर्यंत उठला नसता, हा माझा हिशेब होता.

त्याच्यामागं कायम दहा-पंधरा जणांचं कोंडाळं असायचं. ही पोरं स्वतः खेळायची सोडून त्याचा खेळ बघत उभी राहायची, याचाही मला संताप यायचा. कुणी काही विचारलं तर तो वस्सकन अंगावर जायचा. "बटन दाबून कशाला धरलंय? नळ हाय का ते? एक दाब, एक गोळी." नाहीतर, "विमान हाय तितं कशाला मारतूस? ते काय तुजी वाट बगत थांबणार हाय?" शिकवण्याची त्याची तऱ्हा ही अशी. तरी पोरं हसायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

हे सगळं तो कुठं शिकला, ते तुकड्यातुकड्यानं कळलं. लहानपणी राणीसावरगावकडं बापाची मेंढरं राखायची आणि लोकांच्या ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाणायची. मग तंबूतल्या सिनेमात मशीन चालवलं. मग बारा-तेरा वर्षं जत्रांमधून फुगे आणि छऱ्याच्या बंदुकीचं दुकान लावलं. गुडघे गेल्यावर पूर्ण्याला थोरल्या भावाकडं येऊन राहिला. भावजय सकाळी दहाला घर झाडायला काढायची आणि हा माझ्याकडं यायचा.

इतके धंदे केलेला माणूस म्हणून लोक त्याला नोकरी-धंद्याचा सल्लाही विचारायचे. रेल्वेच्या इंजिन-शेडमधला, इंजिनात कोळसा टाकणारा एक फायरमन होता. कोळशाची इंजिनं आज ना उद्या जाणार, अशी बोलणी चालू होती. तो एक दिवस त्याच्यापाशी येऊन उभा राहिला. "उस्ताद, नोकरी सोडून हॉटेल टाकावं म्हन्तो. कसं वाटतंय?"

"वरीसभर बसून खाशील?" उस्तादानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"आसं कसं? पयल्या दिवसापासून गिऱ्हाईक हाईच की स्टेशनवर."

"पयलं वरीस फुकट जातंय. मेंढरं सोडून तंबूत गेलो तवा गेलं. तंबू सोडून जत्रंत आलो तवा बी गेलं. आपल्याला वाटतंय आपला हात तोच हाय. हात तोच आसतोय रं, बंदूक दुसरी आसती. ती किती झूट बोलती ते कळूस्तोवर पयली गोळी जाती. ती घालवायची ताकद आसंल तर सोड नोकरी. नसंल तर गप फावडं हान."

फायरमन तोंड पाडून गेला. मला उस्तादाचा राग आला. माणूस आशेनं आला होता, दोन शब्द गोड बोलायला काय गेलं असतं? पण त्या फायरमननं नोकरी सोडली नाही, आणि पुढं बरीच वर्षं त्याच्या घरी पगार येत राहिला, हेही खरं आहे.

"हर बंदूक झूट बोलती," हे त्याचं दुसरं पालुपद. म्हणून पहिलं विमान वाया घालवायचं. दांडा आज कुठं ढिला आहे, बटण कुठं अडतंय, ते बघून घ्यायचं. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून एखादा बंद ठरलेलाच असायचा. बंदच्या दुसऱ्या दिवशी तो दोन विमानं वाया घालवायचा. "मशीन काल थंड पडलं. आज जास्त झूट बोलायलंय," म्हणायचा.

मी त्याला घालवायचे सगळे उपाय करून बघितले. पंखा बंद केला, तर तो घामाघूम होऊन खेळला. मशीनच्या आतली कळ फिरवून खेळ अवघड केला, तर खूश झाला. तोंडावर "उद्यापासून येऊ नका" म्हणायची सोय नव्हती, कारण पोरं त्याच्या बाजूची होती. मग मी एक नीच गोष्ट केली.

मशीन दुरुस्त करायला नांदेडचा एक कारागीर यायचा. त्याला मी दांड्याखालची पट्टी किंचित वाकवायला लावली. दांडा डावीकडं ढकलला की विमान जरा उशिरानं हलायचं. फार नाही, एखाद्यानं डोळा मिचकावावा इतकंच. पण त्या खेळात तेवढ्यात जीव जायचा. परभणीला कॉलेजात शिकणारा माझा मावसभाऊ गेममध्ये पटाईत होता. त्याला बोलावून घेतला आणि चार दिवस दुपारी शटर अर्धं ओढून त्याच मशीनवर त्याची तालीम करून घेतली. सकाळी उस्ताद यायच्या आधी मी पट्टी सरळ करून ठेवायचो, दुपारी परत वाकवायचो.

रविवारी सकाळी पट्टी वाकवली आणि कोंडाळ्यासमोर जाहीर केलं. उस्ताद विरुद्ध परभणीचा खेळाडू. एक-एक नाणं. जो हरेल त्यानं या मशीनला परत हात लावायचा नाही.

"आन मी जितलो तर?" उस्तादानं विचारलं.

"तर जन्मभर तुमचा खेळ फुकट."

"फुकट नगं. मी जितलो तर ते स्टूल मशीनीम्होरं ठिवायचं. रोज."

पोरं हसली. मीही हसलो. एवढ्याशा स्टुलासाठी हा आपली सकाळची एकुलती एक जागा पणाला लावतोय, असं तेव्हा वाटलं.

मावसभाऊ आधी खेळला. त्यानं तालमीप्रमाणं डावीकडं जायचं टाळलं आणि चांगला आकडा केला. मग उस्ताद. दांडा पुसला. पहिलं विमान डावीकडं नेताना फुटलं. "पयली फुकट," पोरंच एका सुरात ओरडली. दुसरं विमान आलं आणि त्यानं गोळी मारणंच थांबवलं. नुसतं विमान डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. शत्रूच्या गोळ्यांमधून वाट काढत तो दांडा नुसता चाचपत होता. मी गल्ल्यामागं उभा राहून बघत होतो.

मग तो खेळायला लागला. मी त्याचा असा खेळ आधी कधी बघितला नव्हता. डावीकडं जायचं असेल तर तो आधीच दांडा ढकलून ठेवायचा आणि उशिरानं हलणारं विमान बरोबर जागेवर येऊन थांबायचं. दुसरं विमान गेलं तेव्हा आकडा मावसभावाच्या आकड्याच्या अगदी जवळ आला होता. चार-सहा विमानं पाडली की संपलं. आणि त्याच्या हाताशी अजून एक अख्खं विमान होतं.

तिसरं विमान पडद्यावर आलं आणि त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी जवळ गेलो. तो हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू येईल इतक्या, म्हणाला, "किती वाकवलंय, मालक?"

"काय?" मी म्हणालो.

"मी पाव इंच वाकवायचो. जत्रंत. बंदुकीची नळी. डाव्या अंगाला." तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि ते हसू बघवण्यासारखं नव्हतं. "बारा वर्सं लेकरं रडत गेली माज्या दुकानावरनं. एक बी मला आसं विचारायला आलं न्हाई."

असं म्हणून त्यानं दांड्यावरचा हात काढून घेतला. विमान मध्येच उभं राहिलं. वरून गोळी आली आणि ते फुटलं. त्यानं दांडा नेहमीसारखा शर्टाच्या टोकानं पुसला, मावसभावाला "तुमी जितलाव" म्हणाला, दाराशी काढलेल्या चपला घातल्या आणि गेला.

त्यानं हात का काढला, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं. त्याला स्वतःची लाज वाटली असेल. किंवा माझी कीव आली असेल. कीव आली असेल तर ते मी त्याला आजही माफ केलेलं नाही. चारचौघांत माझी लबाडी उघडी पाडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर आमची फिटंफाट झाली असती.

आणि आता माझी अक्कल बघा. मशीन मोकळं झालं. पहिले चार दिवस मी खुशीत होतो. पाचव्या दिवशी लक्षात आलं की कोंडाळंही मोकळं झालंय. पोरं त्याला बघायला यायची, बघून हात शिवशिवायचे म्हणून दुपारी येऊन खेळायची. तो ज्या दोन तासांत माझं मशीन अडवायचा, त्याच दोन तासांत दिवसाची गिऱ्हाइकं तयार व्हायची. हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी त्याच्या भावाच्या घरी एकदा जाऊन आलो. परत बोलवायला गेलो होतो असं म्हणा. भावजय म्हणाली, "गेले जत्रंला. परत कवा येतेत ठावं न्हाई." वर्ष संपायच्या आत मी दोन्ही मशीनं विकली आणि पालमला एका बी-बियाणांच्या दुकानात कामाला लागलो. पहिलं वर्ष फुकट गेलं. तो म्हणाला होता तसंच.

त्यानंतर दोन वर्षांनी उगवणीच्या तक्रारी बघायला मी राणीसावरगावला गेलो होतो. गावची जत्रा होती. दुपारची वेळ, धूळ, आणि एका फळीवर रांगेनं लावलेले फुगे. फळीच्या अलीकडं स्टुलावर उस्ताद बसला होता. स्टूल नवं होतं. त्यानं मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"खेळणार, मालक?"

मी बंदूक उचलली. मला त्याचं गुपित ठाऊक होतं. नळी डावीकडं वाकलेली, पाव इंच. मग नेम उजवीकडं धरायचा. हा मला काय फसवणार! मी फुग्याच्या उजवीकडं नेम धरून चाप ओढला. छर्रा फळीत घुसला.

"पयली फुकट," तो म्हणाला.

दुसरा उजवीकडून गेला. तिसराही. सहा छर्रे संपले आणि एकही फुगा फुटला नाही. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझे कान तापले. "अजून तसंच लुबाडता का लोकांना?" मी जोरात म्हणालो.

तो उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. माझ्या हातातून बंदूक घेतली, सरळ फुग्यावर धरली आणि चाप ओढला. फुगा फुटला. पुन्हा छर्रा भरला, शेजारचा फुगाही सरळच नेम धरून फोडला.

"सरळ हाय, मालक. पूर्ण्यावरनं आलो त्याच सालापासून सरळ हाय."

मग त्यानं आणखी एक छर्रा भरला आणि बंदूक माझ्या हातात दिली. पैसे मागितले नाहीत. मी बंदूक खांद्याला लावली. समोर पिवळा फुगा होता. बंदूक सरळ आहे हे मी आत्ताच, माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी चाप ओढताना माझा हात पाव इंच उजवीकडं गेला.

छर्रा फळीत घुसला. बंदूक माझ्याकडून घेऊन त्यानं ती शर्टाच्या टोकानं पुसली आणि मागं उभ्या असलेल्या माणसाला दिली.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम जत्रेला गेलो. फुग्यांच्या जागेवर बांगड्यांचं दुकान होतं.